वजनाचा सोमवार

चौथीत असताना मी चार दिवस अर्धपोटी राहिले, तेही शाळेत रोज सुकडी मिळत असताना. याला अक्कल म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

त्या दुष्काळी वर्षात गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मधल्या सुट्टीत सुकडी वाटायचे. भाजलेलं पीठ, तेल आणि गूळ, पिवळसर, भुरभुरीत. हात धुतला तरी ओशटपणा जायचा नाही, आणि आम्हाला तो जायला नकोच असायचा. लिंबाखाली रांगेनं बसून खायचो. आमच्या बौद्धवाड्यातली पोरं आणि गावातली पोरं एकाच रांगेत, कारण बाईंनी हजेरीच्या क्रमानं बसवलं होतं. मला ते तेव्हाही फार आवडायचं.

बाई परभणीच्या, नव्यानंच लागलेल्या. त्यांचा एकच नियम: सुकडी इथंच खायची, घरी न्यायची नाही. तो मी रोज मोडायची. माय खडी फोडायला जायची आणि माझी तीन वर्षांची धाकटी बहीण शेजारच्या म्हातारीपाशी भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढायची. म्हणून निम्मी सुकडी माझ्या फ्रॉकच्या खिशातून तिच्याकडे जायची. खिशावर बशीएवढा तेलाचा डाग पडला होता. त्यावर दप्तर धरून चाललं की कुणाला काही कळत नाही, असा माझा समज होता.

एके दिवशी बाईंनी सांगितलं, मागच्या महिन्यासारखीच येत्या सोमवारी सगळ्यांची वजनं करायची. सातवीतली एक दांडगी मुलगी होती. तिला जगातलं सगळं कळतं असं तिला वाटायचं, आणि आम्हालाही. रांजणापाशी ती हळूच म्हणाली, "ज्याचं वजन वाढंल त्याची सुकडी बंद व्हणार हाय. कमजोर पोरायलाच देतेत ती."

झालं! शाळाभर उपास सुरू झाले. कुणी घरची भाकर गुपचूप कुत्र्याला घातली, कुणी पाण्याचा घोटही जपून घेतला. मी तर तोंड हलवत खाल्ल्याचं सोंग करायची आणि सगळीच्या सगळी सुकडी धाकटीला न्यायची. तिची चैन झाली. माझी बंद झाली की तिचीही बंद, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

सोमवारी दुकानदाराचा धान्याचा काटा लिंबाच्या फांदीला टांगला. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात मापं. बाई वहीत मागचं वजन बघून तेवढी मापं ठेवायच्या आणि दरवेळी त्यातलं एखादं काढून घ्यायच्या. एकाचंही वजन वाढलं नव्हतं. माझ्या वेळी तर दोन मापं काढावी लागली. बाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी चिमूटभर सुकडी तोंडात टाकली, चावून बघितली, वास घेतला.

"खराब आहे का रे ही? का माझंच काही चुकतंय?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरले.

ते बघून मला पारड्यातच रडू फुटलं. "बाई, सुकडी लय चांगली हाय. आमीच उपाशी राह्यलो. वजन वाढलं की तुमी बंद करणार म्हणून. माझी बंद झाली तर धाकटीला काय नेऊ?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मग कळलं काय बोलून बसले ते. बाईंची नजर माझ्या खिशावर गेली. आता छडी, म्हणून मी डोळे घट्ट मिटले.

"खाली उतर," बाई म्हणाल्या. हातात छडीऐवजी सुकडीनं भरलेली वाटी आली. "अगं, वजन वाढावं म्हणूनच देतात ना ही? आधी खा. आणि उद्यापासून तिला इथंच घेऊन ये. खिशात कशाला कोंबतेस?"

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत नाव नसलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसून दोन्ही हातांनी खाऊ लागली.

पुढच्या महिन्यात पुन्हा काटा टांगला. धाकटी एकटी पारड्यात बसेना, भोकाड पसरलं, म्हणून मी तिला मांडीवर घेऊन बसले. बाईंनी माप ठेवलं, अजून एक ठेवलं, होती नव्हती ती सगळी ठेवली, तरी आमचं पारडं जमिनीवरून हलेना. बाई हसतच आणखी मापं आणायला दुकानाकडे निघाल्या. त्या येईपर्यंत आम्ही दोघी बहिणी तशाच, पाय पसरून, ऐटीत जड होऊन बसून राहिलो.