कमरेचं लोखंड

१९६३ साली इस्राएलमध्ये अरादजवळच्या वाळवंटात मी एका इंजिनीअरच्या हाताखाली मजूर होतो. जमिनीचं चुंबकत्व मोजून खालचं लोखंड शोधायचं हे त्याचं काम, आणि यंत्र वाहायचं हे माझं. अंगावरच्या लोखंडानंही काटा हलतो, म्हणून यंत्राजवळ जाण्याआधी तो सगळ्यांसमोर मला पट्टा, किल्ल्या, खिळ्यांचे बूट काढायला लावायचा. वर म्हणायचा, "तुम्हां इंडियावाल्यांना हे कुठून कळणार?"

मला चांगलं कळत होतं. अलिबागला माझे वडील चुंबकीय वेधशाळेत माळी होते. तिथे साहेबसुद्धा लोखंडी काड्यांची छत्री बाहेर ठेवून आत जात.

सरहद्दीजवळच्या टेकडीवर हा शहाणा पहिल्यांदाच कमरेला पिस्तूल लावून आला आणि तसाच यंत्रावर वाकला. काटा उडाला. "सापडलं!" म्हणून तो ओरडला. मी अनवाणी उभा होतो.

मग तिथे खणायचा हुकूम सुटला, आणि खणणारा अर्थात मीच. पंधरा दिवस नुसता चुनखडक फोडला. तळहातांची सालटी निघाली. रोज तो खड्ड्यात डोकावून विचारायचा, "लोखंड लागलं का?"

मी त्याच्या कमरेकडे बघत सांगायचो, "खाली तरी नाही, साहेब."