बिरसी ते जगदलपूर: बेचाळीस मिनिटं

साकोलीजवळच्या आमच्या तलावावर मासे धरणारा ढिवर मनिराम. कुठं कंबरभर पाणी, कुठं गळाभर, हे तो काठावरून सांगतो. मोबाईलचा मात्र त्याला ठाव नाही, आणि हे त्याला सांगायची सोय नाही.

त्याची लेक रंजू जगदलपूरला दिलेली. इतक्या लांब कोण जाणार, म्हणून दोन वर्षांत हा फिरकला नव्हता. रंजूचे सासरे दर फोनवर डिवचायचे, की तुमच्या तलावाची मासोळी आमच्या दारी येईल ती मरूनच येईल. एकदा मनिराम चिडला आणि शब्द देऊन बसला, की या इतवारी जित्ती मासोळी तुमच्या अंगणात नाचवतो.

शब्द तर गेला, मासोळी कशी जाणार? त्यानं मोबाईललाच विचारलं, आपल्या जवळच्या बिरसीच्या विमानतळावरून जगदलपूरचं विमानतळ किती लांब? उत्तर आलं: सव्वातीनशे किलोमीटर, उड्डाण बेचाळीस मिनिटं.

झालं! चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. मीही सांगितलं, खिडकीजवळ बस, वरून माझ्या घराच्या छपरावरचे फुटके कवेलू मोजून ये. त्याची बायको गुणाबाई तेवढी पत्र्याचा डबा घासायला बसली. बेचाळीस मिनिटं रोहू सहज टिकतात, म्हणून मनिरामनं रोहू धरले. गुणाबाईनं डबा भरला, तोंडावर ओलं पोतं बांधलं आणि शनिवारी सकाळी हातात दिला.

बिरसीच्या फाटकावरचा शिपाई सगळं ऐकून पोट धरून हसला. इथून जगदलपूरला विमान जातच नाही, म्हणाला. मोबाईल दोन ठिकाणांमधली सरळ रेघ मोजतो, मग त्या रेघेवरून विमान उडो की बगळा.

म्हणजे आता रेल्वेनं रायपूर आणि पुढे बस. रोहू दुपारही पाहणार नव्हते. मनिरामनं डबा खाली ठेवला. मासे पाहावे म्हणून पोतं सोडलं, तर रोहू गायब. आत बोटभर पाण्यात चार काळ्याशार मरळी तोंड वर काढून हवा घेत होत्या. ओल मिळाली की मरळ दिवस-रात्र जगते, हे ढिवराच्या लेकरालाही ठाऊक.

त्यानं घरी फोन लावला.

"मासोळ्या कोनं बदलवल्या वं?"

"म्या. तुमचं बेचाळीस मिनिटाचं इमान मले पयल्याच दिवशी समजलं होतं. पोतं ओलं ठेवा अन् गाडी धरा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी घरून निंगाले असते काय जी?"

इतवारी सकाळी व्याह्यांनी डब्यात डोकावलं आणि मरळीनं शेपटीनं त्यांच्या मिशा धुऊन काढल्या. रंजू हसता हसता बापाला बिलगली, ती किती वेळ सुटेना. व्याह्यांनी रस्सा तीनदा घेतला. मत अजून दिलेलं नाही.

परतल्यावर मी टपरीवर मुद्दाम विचारलं, कसं होतं रे विमान? मनिरामनं आधी गुणाबाई आसपास नाही ना ते पाहिलं.

"बेचाळीसच मिनिटं लागले भाऊ. बाकीचा टाइम बसमंदी गेला."