कर्ण मोजले नव्हते

नववीत आम्हाला भूमितीला माझे वडीलच होते. घरी बाबा, शाळेत सर, आणि दोन्हीकडे सारखेच खडूस. एका चाचणीत मी चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समान दाखवल्या आणि ‘म्हणून आयत’ लिहून मोकळी झाले. त्यांनी पेपर अख्ख्या वर्गासमोर धरला.

“एवढ्यावर फक्त समांतरभुज सिद्ध होतो. काटकोन कुठाय? कर्ण समान दाखवलेस? आयतासारखा दिसतो म्हणून आयत? मग तू शहाण्यासारखी दिसतेस, तुला शहाणी म्हणू?”

वर्ग खो खो हसला. मार्क शून्य.

त्याच रविवारी आम्ही जागा बघायला गेलो. कर्वेनगरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आईला धड ओटासुद्धा नव्हता. शहराच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या एका गावात आपलं घर बांधायचं, हा बाबांचा ध्यास होता. माळावर चार कोपऱ्यांना चार दगड रोवलेले. मालक म्हणाला, “चौकोनी हाय, सर. आपल्या हातानं मोजून घ्या की.” टेपचं एक टोक बाबांनी धरलं, दुसरं मी. पन्नास फूट, चाळीस, पुन्हा पन्नास, पुन्हा चाळीस.

“आयत,” बाबा म्हणाले आणि टेप गुंडाळायला लागले.

कर्ण मोजले नव्हते. माझ्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं. ओठांवर आलेलं मी गिळलं. जिरू दे यांची, असं वाटलं. चांगली मजा वाटली मला.

खरेदी झाली. पायाची आखणी करायला आलेल्या गवंड्याने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका टेप धरला, मग उलट बाजूने धरला. एकदा अठ्ठावन्न फूट आले, एकदा एकोणसत्तरच्या वर. “सर, काटकोनच नाय हितं. दोन्ही अंगांना सात-सात फूट तिरकं जातंय.” नकाशात आईचं स्वयंपाकघर होतं, तिथे नुसती पाचर उरली होती.

बाबा विटांच्या ढिगावर बसले. अजिबात न रागावता त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी तुझ्या लक्षात नव्हतं आलं?”

मी घाबरले. “नाही,” म्हणाले.

“आदल्याच आठवड्यात शिकवलेलं,” ते म्हणाले. “स्वतःच्या मुलीच्याही डोक्यात शिरलं नाही. मग इतकी वर्षं मी काय शिकवलं?”

पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी वर्गात कुणाला टोमणा मारला नाही. चुकलेल्या सिद्धतेलाही अर्धे मार्क देऊन टाकायचे. मुलं खूश होती, सर सुधारले म्हणायची. मला ते बघवत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर उशाशी होते. औषधं दिली, पाठ चोळली, पेपर वाचून दाखवला. बाबा, तुम्ही शिकवलेलं मला त्या दिवशी नीट कळलं होतं, एवढं सांगायचं होतं. सांगितलं नाही.