गुडघ्याएवढ्या उंचीवरचा नळ

आपण नळ बसवणारे. शाळा दुसरीत सोडली, तेव्हा गुरुजींनी पेढे वाटले असतील. परवा अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "मामा, हा नळ पोरांच्या गुडघ्याएवढा खाली घ्या."

"बाई, टाकी रिकामी करतील पोरं!"

"करू द्या की. खाली घमेलं ठेवते, सांडलेलं झाडांना घालीन."

नळ लावला आणि दोन वर्षांची एक चिमुरडी पेला-बाटली घेऊन लगेच खाली बसली. पेल्यातलं पाणी बाटलीत ओतायची, सगळं बाहेर. पाच-सहा वेळा सांडलं. मग तिनं बाटली गुडघ्यांत धरली, पेला हळूच तिरका केला, आणि धार बरोबर आत गेली. कुणी शिकवलं नाही तिला. मला एवढं यायला दोन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाव्या लागल्या.

माझी मंगल एवढीच होती, तेव्हा अशीच नळाशी बसायची. मी हातावर फटका दिला आणि नळ माझ्या खांद्याएवढा उंच नेला. काय डोकं लढवलं म्हणून गल्लीभर सांगत फिरलो. डोकं होतं कुठं लढवायला! तेव्हापासून पाण्याला हात लावायच्या आधी पोर माझ्या तोंडाकडं बघायची.

आता ती सासरी असते. माहेरी आली की माठापाशी थांबते. "बाबा, पाणी घेऊ?"

"अगं, विचारतेस काय, तुझ्या बापाचाच माठ आहे!"

ती हसते. पेलाभर पिते. आणि दुसऱ्या पेल्यालाही विचारते.