कापूस वेगळा, रुई वेगळी

“इंडिया काढूनच टाकू या,” देशपांडे सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले. “मॉडेल बिघडतंय ते इंडियामुळेच.”

सर आमच्या कन्सल्टन्सीच्या पुणे ऑफिसचे प्रमुख. मी अमरावती ऑफिसची. ऑफिस म्हणजे मी आणि विशाल. हट्ट करून मी ते इथे उघडून घेतलं होतं, आणि आमच्याकडे काम होतं ते फक्त इंडियाचं. इंडिया निघाला की आम्हीही गाशा गुंडाळायचा, हे सरांनी वेगळं सांगायची गरज नव्हती. मला राग आला. पण मॉडेल चुकत होतं, हेही खरंच.

काम होतं लाकडाच्या लगद्याचं. लगदा म्हटलं की लोकांना कागद आठवतो. पण एका जातीच्या शुद्ध लगद्यापासून व्हिस्कोजचा धागा होतो, आणि त्याची बाजारातली स्पर्धा कॉटनशी. परदेशातल्या एका लगदा कंपनीला नवी मिल टाकायची होती. जगात मागणी किती वाढेल ते आम्ही आकडेमोडीच्या मॉडेलवरून सांगायचं. कॉटन महाग झालं की गिरण्या व्हिस्कोजकडे वळतात आणि लगदा जास्त खपतो. किती जास्त, त्या आकड्याला क्रॉस इलॅस्टिसिटी म्हणतात.

बाकी देशांचं उत्तर सरळ येत होतं, भारताचं उलटं. कॉटन स्वस्त झालं की भारतात व्हिस्कोजची मागणी वाढते, असं मॉडेल सांगत होतं. म्हणजे तूरडाळ स्वस्त झाली म्हणून लोक मुगाचं वरण करायला लागले! पुण्याच्या टीमने डमीही लावून पाहिला होता. डमी म्हणजे ‘या वर्षापासून काहीतरी घडलं, काय ते विचारू नका’ असं मॉडेलला सांगणं. तरी जमेना.

मी भारतातल्या भावांचा ग्राफ विशालसमोर ठेवला. विशाल मूर्तिजापूरचा, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी., बोलणं मात्र घरचंच. ग्राफची रेघ मध्येच धाडकन खाली आली होती आणि तिथेच राहिली होती.

“ताई, हे काहून असं?”

“पुणं म्हणतं, बाजार पडला.”

“एवढा बाजार पडला अन् अकोल्यात कोणाले पत्ता नाई? या भावात रुई भेटली असती तं मी नोकरी सोडून गाद्यायचं दुकान टाकलं असतं!”

मी हसले आणि हसता हसता थांबले. रुई! इतके दिवस हा शब्द कुणाच्याच तोंडी आला नव्हता. सगळे आपले कॉटन, कॉटन करत होते.

लगेच पुण्याला फोन लावला. भावांचा जुना डेटा मध्येच मिळायचा बंद झाला होता; पुढची वर्षं कशाने भरली?

“अकोला मार्केटमधून, मॅडम. कापसाचे भाव,” तिथली अॅनालिस्ट म्हणाली.

झालं! शेतकरी बाजारात आणतो तो कापूस, सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी काढली की उरते ती रुई. ती निघते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून क्विंटलमागे तिचा भाव कापसापेक्षा कितीतरी चढा. आमच्याकडे आधीची वर्षं होती रुईची, नंतरची कापसाची, आणि इंग्रजीत दोन्हींना कॉटन. बाजार पडलाच नव्हता; व्हिस्कोजची मागणी मात्र वाढत होती, म्हणून मॉडेलला वाटलं, कॉटन स्वस्त झाल्यानेच ती वाढली.

सरांना सांगितलं.

“मग तिनाने गुणा आणि पुढे चला.”

“नाही सर. सरकीही विकली जाते, तिचा भाव वेगळा हलतो. रुईचेच भाव लागतील.”

“मिळतील?”

“सर, कापसाचं अकोला आहे ते.”

विशालने अकोल्याच्या व्यापाऱ्यांकडून रुईचे भाव आणले. आम्ही डमी काढून फेकला. मग परीक्षा घेतली. शेवटची काही वर्षं मॉडेलपासून लपवायची आणि त्याला ओळखायला लावायची. त्याने काढलेली रेघ खऱ्या रेघेला चिकटूनच गेली. विशालने टेबलावर थाप मारली. “आता काढा म्हना इंडिया!” मी फक्त नाचायची बाकी होते.

क्लायंटच्या मीटिंगमध्ये सरांनी कापूस आणि रुईतला फरक असा रंगवून सांगितला, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जिनिंगमध्येच वाढला. क्लायंटने आमचा अंदाज मान्य केला. इंडिया राहिला, आम्हीही राहिलो. शिवाय बाकी देशांचं कॉटन तपासायचं कामही अमरावतीला आलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. मॉडेल एखाद्या देशाला वेडं ठरवायला लागलं, तर आधी त्या देशात मालाला काय म्हणतात ते विचारावं. देश सहसा शहाणा निघतो.