दौंडात उघडलेलं पान

माझी सगळी नोकरी रांजणगावच्या एका कारखान्यात झाली, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर विभागात. तिथं एक सवय अंगात मुरली — स्क्रीनवर काही भलतं दिसलं तर त्याला कारण असतं, आणि शांतपणे शोधलं की ते सापडतं. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी वाचायचो ते करमणूक म्हणून. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण जे झालं ते झालं.

मी शिरूरला राहतो. रिटायर झाल्यावर एक वेबसाइट चालवायला घेतली. दौंड मोठं जंक्शन. उत्तरेच्या, दक्षिणेच्या गाड्या थांबतात आणि त्यातून कधीकधी वाट चुकलेली माणसं उतरतात. म्हातारी, विसरभोळी, भाषा न कळणारी. स्टेशनसमोर बशीरभाईंचं बॅगा शिवायचं, चेन बसवायचं दुकान होतं. अशी माणसं आधी त्यांच्याच बाकड्यावर येऊन टेकायची. बशीरभाई त्यांना चहा पाजायचे, पोलिसांना कळवायचे, आश्रयगृहात पोचवायचे आणि फोटो काढून साइटवर टाकायचे. घरचे लोक साइट बघून यायचे. साइटची तांत्रिक बाजू माझी, बाकी सगळं त्यांचं. त्यांचा फोन साधा, लगेच भरायचा, म्हणून फोटो साइटवर चढला की ते फोनमधून पुसून टाकत. ही सवय मला माहीत होती.

साइट ठेवायला जागा भाड्यानं देणारी कंपनी म्हणजे होस्ट. आमचा जुना होस्ट फार संथ झाला होता, फोटो चढता चढत नव्हते. मी नवा होस्ट घेतला. सगळी साइट तिकडं नेली, वरची निळी पट्टी काढून पांढरी केली, साइटचं नाव तेच ठेवून तिचा आतला पत्ता बदलला, शिरूरला नवी साइट व्यवस्थित उघडली. आता, पत्ता बदलला की ती खबर सगळीकडे एकदम पोचत नाही. काही फोन दोन-तीन दिवस जुन्याच जागी जात राहतात. तेवढ्या काळात कुणी नवीन काही टाकायचं नसतं, कारण ते जुन्या जागी पडतं आणि जुनी जागा बंद झाली की जातं. हे बशीरभाईंना सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. विसरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"आप्पा, एक आजी उतरलीय. कानडी बोलती. हिरवं लुगडं. टाकलंय बघा साइटवर."

मी बघितलं. "काही नाही इथं."

"आवो, मला दिसतंय की. चांगला फोटू आलाय."

"मला नाही दिसत."

"मंग तुमच्या शिरूरची हवा खराब हाय. चष्मा पुसून बघा जरा."

मी हसलो नाही. आमच्या मदतनीस मंडळींचा एक ग्रुप होता, त्यावर लिहिलं — बशीरभाई, ही बॅगेची चेन नव्हे, नुसती ओढून भागत नाही, शेवटी पब्लिशचं बटण दाबावं लागतं. लोकांनी हसरे चेहरे टाकले. बशीरभाईंनीही टाकला. त्यांना पान दिसत होतं, त्यामुळे ते निर्धास्त राहिले. मीही जास्त विचार न करता जुन्या होस्टचं खातं बंद करून टाकलं.

नंतर त्यांचा फोन आला की पान गेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच दिवशी जुन्या होस्टला फोन केला असता तर कदाचित काही परत मिळालंही असतं. केला नाही. केला असता तर ग्रुपवर सगळ्यांना सांगावं लागलं असतं.

बशीरभाई नवा फोटो काढायला आश्रयगृहात गेले, तर आजी दुपारी कुणाच्या नकळत निघून गेली होती.

मग तिचा मुलगा आला, गुलबर्ग्याकडून. पोलिसांकडून त्याला कळलं होतं. दुकानात आम्ही पाच-सहा जण होतो. तो बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "सर, हम रोज देखते थे आपकी साइट. फोटो नहीं था."

मग मी बोललो. "ते पान ड्राफ्टमध्ये राहिलं. पब्लिश झालंच नाही."

बशीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. हातात कुणाची तरी बॅग होती. ती खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "व्हय, ऱ्हायलं असंल माझ्याकडनं. माफ कर बाबा."

मी साइटवर निवेदनही टाकलं. दौंडच्या सहकाऱ्याच्या हातून चूक झाली, दिलगीर आहोत. मुलाकडे आईचा एक जुना, लग्नातला फोटो होता. तोही टाकला. त्यातली बाई ओळखू येण्यासारखी नव्हती.

त्यानंतर बशीरभाईंनी फोटो टाकणं सोडलं. कुणी उतरलं की ग्रुपवर नुसतं लिहायचे, "कुणीतरी या." वर्षभरात ते हार्ट अटॅकनं गेले. मी मातीला गेलो, मूठभर माती टाकली, शिरूरला परत आलो. काही वाटलं नाही. जे वाटायला हवं ते अजूनही नीट वाटत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दौंडजवळच्या भांडगावातून एका माणसाचा फोन आला. साइटच्या तळाला माझा नंबर असतो.

"काका, तुमच्या साइटीवर ती हिरव्या लुगड्यातली आजी हाय ना? ती आमच्या वस्तीवर हाय. कवाची हाय. आई तिला सोडंना, ती आईला सोडंना."

"लग्नातला फोटो बघून ओळखलंत?"

"लग्नातला न्हाई. बाकड्यावर बसलीय ती. कपबशी हाय हातात."

मी विचारलं, कुठं बघितलं. तो म्हणाला, पाव्हण्याला गाडीत बसवायला दौंडला आलो होतो, गाडी लेट होती, कुणीतरी या साइटचं सांगितलं होतं म्हणून स्टेशनबाहेर उभ्या उभ्या पहिल्यांदाच उघडली. पानाचा फोटो काढून ठेवला होता. तो त्यानं पाठवला.

वर जुन्या साइटची निळी पट्टी. खाली बशीरभाईंचं बाकडं, आजी, कपबशी. मजकूर त्यांचा — "कानडी बोलतात. चहा बशीत लागतो. शांतप्पा शांतप्पा म्हणतात." शांतप्पा त्या मुलाचं नाव. खाली लेखक म्हणून बशीरभाई, आणि पब्लिश झाल्याची तारीख. तीच.

मुलगा येऊन आईला घेऊन गेला. आजी बरी होती.

मी माझ्या पद्धतीनं कारण शोधलं. जुन्या होस्टला विचारलं. ते म्हणाले, त्या खात्याचं काहीही शिल्लक नाही, ती जागा केव्हाच दुसऱ्याला गेली. फोनमध्ये जुनं पान साठून राहिलं असेल म्हणावं, तर त्या माणसानं साइट आधी कधी उघडलीच नव्हती. सर्च इंजिनच्या साठ्यात बघितलं, तिथंही नाही. नव्या होस्टची सगळी नोंद तपासली. त्या वेळी दौंडहून कुणी आल्याची खूणच नाही. कुणी तसं खोटं पान बनवलं म्हणावं, तर त्यालाही मुळात आजीचा फोटो हवा, आणि तो जगात कुठंच उरलेला नव्हता.

मी दौंडला बशीरभाईंच्या घरी गेलो. भाभी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना माझ्या फोनवर ते पान दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"बाकडं आमचंच हाय," म्हणाल्या.

"भाभी, त्यांनी पान नीट टाकलं होतं. चूक माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी हातातले खडे बाजूला टाकले. "त्यांना सांगितलं व्हतं का तुम्ही?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगताय, आप्पा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आत गेल्या आणि चहा टाकला. मी तो प्यायलो.

साइटवरचं जुनं निवेदन काढलं. नवीन लिहिलं, माझ्या नावानं, काय झालं ते सगळं. ग्रुपवरही टाकलं. कुणी हसरा चेहरा टाकला नाही, कुणी काही लिहिलंही नाही. निवेदन शिरूरला दिसतं. दौंडला दिसतं की नाही ते तिथं जाऊन बघितलं. दिसतं.

ते पान त्या माणसाला कसं दिसलं, हे मला अजून सांगता येत नाही. सांगू शकेल असा कुणी वाचक असला तर मी ऐकायला तयार आहे. काही काम नसतानाही मी अधूनमधून दौंडला जातो. दुकानाचं शटर बंद असतं, बाकडं बाहेरच आहे. त्यावर बसून साइट उघडतो. नवीच येते.