निम्मी चूक

माझे यजमान गेले त्या संध्याकाळी त्यांना शेवटचा फोन मी केला होता, ही गोष्ट मी दोन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. वळ गावच्या गोदामातली ड्युटी संपवून ते मोटारसायकलने अंबाडीमार्गे घरी यायचे. आमचं गाव गणेशपुरीजवळ. "येताना आईंच्या गुडघ्यांचं तेल आणा," मी म्हणाले. "आणतो," ते म्हणाले, आणि पुढे नुसता मोठा आवाज आला. वाटेतल्या एका वळणावर ट्रकने त्यांना उडवलं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. एकुलता एक मुलगा गेल्यावर त्या माझ्याच आधाराने राहिल्या होत्या, आणि मी मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघत नव्हते. देवीसमोर दिवा लावणंही मी सोडलं होतं. कोणत्या तोंडाने लावणार?

नुकसानभरपाईचा दावा ठाण्याला चालू होता. ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं असं, की अपघातानंतर मयताच्या हाताशी फोन सापडला, म्हणजे गाडी चालवताना तो बोलत होता. निम्मी चूक त्याचीच, तेव्हा भरपाईही निम्मीच द्यावी. आमचे वकील मला म्हणाले, "ताई, फोनचं विचारलं तर आठवत नाही म्हणा." मी हो म्हटलं होतं. पण शपथ घेऊन उभी राहिले आणि प्रश्न आला, तेव्हा तोंडून निघून गेलं, "हो, फोन मीच केला होता." मागच्या बाकावर आई बसल्या होत्या. परतीच्या एसटीत त्या माझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढचे कित्येक दिवस बोलल्या नाहीत.

एका मंगळवारी घरात बसवेना, म्हणून वज्रेश्वरीला गेले. देवीपुढे उभी राहिले, पण काही मागावंसं वाटलं नाही. "जे झालं ते तुझ्यासमोर आहे, आता तू बघ," एवढंच मनात म्हणाले आणि खाली येऊन पायऱ्यांवर रडत बसले. शेजारी एक आदिवासी बाई रानभाजी विकत होती. तिने पाणी दिलं, विचारलं, आणि मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं.

"कंच्या वळणावर?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"बाय, त्यो गाडी चालवीत नव्हता गं. फोन वाजला तशी त्यानं गाडी पार कडंला घेतली, थांबवली, मंग बोलाय लागला. मी समोरच भाजी घेऊन बसलेली. ट्रकच रस्ता सोडून त्याच्या अंगावर आला."

मी किती वेळ तिचा हात धरून बसले, आठवत नाही.

ती साक्षीला आली. एवढी मोठी इमारत बघून घाबरली होती, पण आली. कंपनीच्या वकिलांनी दरडावून विचारलं, "मग इतके दिवस पोलिसांना का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "मना कोणी इचारलाच न्हाय." उलटतपासणीत ती तसूभर हलली नाही. निकालात यजमानांची काहीच चूक धरली नाही. भरपाई पूर्ण मिळाली.

पण मला जे मिळालं ते निकालाच्या आधीच, साक्षीच्या दिवशी मिळालं. कोर्टाबाहेर आईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू फोन केलास म्हणून त्याचा शेवटचा शब्द आपल्या घरात तरी आला, पोरी. नाहीतर तो शब्दही रस्त्यावरच राहिला असता."

ती बाई त्या मंगळवारी देवळाच्या पायऱ्यांवर नेमकी माझ्याच शेजारी कशी बसली होती, याचा मी शोध घेत नाही. तिथे ती रोजच बसत असेल. मला एवढंच कळतं, की दोन वर्षं मी ते ओझं लपवून एकटीने उचललं होतं, तोवर मला कुणाचा हात दिसलाच नव्हता. ते खाली ठेवलं, तेव्हा आधी एका परक्या बाईने पाणी दिलं, आणि मग माझी आई मला परत मिळाली.